मदत हवी आहे: भजनी मंडळाच्या जुन्या चाली कशा जपाव्यात?

नमस्कार मंडळी. आमचं गावातलं महिलांचं भजनी मंडळ. दर एकादशीला देवळात भजन, आणि कुणाच्या घरी दुःख झालं की तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचं. बिदागी घ्यायची नाही, चहासुद्धा नाही, हा थोरल्या बायकांनी घालून दिलेला नेम.

अडचण अशी, की वहीत अभंगांचे फक्त शब्द आहेत. जनाबाईंच्या अभंगांच्या आणि गवळणींच्या चाली मंडळातल्या थोरल्या अक्कांच्या गळ्यात आहेत. अक्का पेटीच्या काळी पाच पट्टीत गायच्या, आता खालच्या काळी दोनवर आल्यात. मध्येच दम लागतो, तेव्हा हातातला टाळ थांबतो आणि त्या नुसत्या बोटांनी चाल दाखवतात. ते पाहून जीव कासावीस होतो.

मोबाईलवर सहा चाली घेतल्या, पण टाळांच्या आवाजात त्यांचा आवाज बुडतो. टाळ बाजूला ठेवले तर त्यांना गायलाच सुचत नाही! फोन कुठे ठेवावा? की आधी एकट्या पेटीवर गाऊन घ्यावं? चाल कागदावर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एवढं मला कळतं. पण अक्कांची मींड, ओळीच्या शेवटची ती घसरण, कागदावर कशी उतरवायची?

आणखी एक. पखवाजाला धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक लावणाऱ्या काकू आता मुलाकडे राहायला गेल्या. नव्या मुलींना शिकायचंय. बायकांना पखवाज शिकवणारं सातारा-कराड भागात कुणी माहीत आहे का? आषाढीपर्यंत निदान भजनी ठेका तरी हातात बसायला हवा.