द्राक्षाच्या छाटणीचा हिशेब: साधं रिग्रेशन की सेमीपॅरामेट्रिक मॉडेल?

आकडेमोड्या: निफाड-दिंडोरीकडच्या शंभरेक द्राक्षबागांच्या नोंदी हाताशी आहेत. ऑक्टोबर छाटणी आठवडाभर पुढे ढकलली तर एकरी उत्पादन किती बदलतं, एवढंच काढायचंय. माती, पाऊस, बागेचं वय यांचा परिणाम सरळ रेषेत बसत नाही. मग छाटणीसाठी एक आकडा आणि बाकीच्यांसाठी मोकळं फलन (नोंदी नेतील तसं वळणारं सूत्र), म्हणजेच सेमीपॅरामेट्रिक मॉडेल, का नको? साध्या रिग्रेशनवर, म्हणजे सगळं सरळ रेषेत बसवण्यावर, अडून बसणं आता निव्वळ आळस आहे.

निफाडकर: आळस कसला हो? ते मोकळं फलन शिकायला शंभर बागांवर रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी घेणारं अल्गोरिदम) लावणार? जंगलाला झाडं तरी हवीत! वर्गपदं (पावसाचा वर्ग, वयाचा वर्ग) घालून रिग्रेशन करा, बागायतदाराला समजावता तरी येईल.

आकडेमोड्या: अर्थमितीतज्ज्ञ रॉबिन्सनने 1988 मध्येच रस्ता दाखवलाय. उत्पादनातून माती-पावसाचा अंदाज वजा करा, छाटणीच्या तारखेतूनही करा, मग उरलेल्यावर उरलेल्याचं रिग्रेशन. फलन सावकाश शिकलं जातं, तरी नमुना चौपट केला की छाटणीच्या आकड्याची प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळतो त्याचं माप) निम्मी होते. कारण दोन्ही अंदाजांतल्या चुका एकमेकींशी गुणल्या जातात, आणि लहान गुणिले लहान म्हणजे आणखी लहान. 2018 मध्ये चेर्नोझुकोव्ह आणि सहकाऱ्यांनी डबल मशीन लर्निंगमध्ये (हे दोन्ही अंदाज मशीन लर्निंगने काढायची पद्धत) क्रॉस-फिटिंग आणलं: ज्या बागांवर फलन शिकलो, त्या सोडून इतरांवर वजाबाकी करायची.

दिंडोरीची लेक: दादा, ही पद्धत कार्यक्षमतेची सीमा (याहून कमी त्रुटी शक्यच नाही अशी हद्द) गाठते ती व्हेरियन्स, म्हणजे उत्पादनाचं हेलकावणं, सगळीकडे सारखा असेल तर. मुरमाड जमिनीत उत्पादन जास्त हेलकावतं. तिथे वजनं (जास्त हेलकावणाऱ्या बागांना कमी भार) लागतील, आणि ती काढायची याच शंभर बागांतून! त्याहून मोठी अडचण वेगळीच. सटाण्याकडे लवकर छाटतात ते आगाप द्राक्षाच्या भावासाठी. तुमच्याकडेही लवकर छाटणाऱ्याकडे शेततळं, भांडवल, मजुरांची टोळी असेल. ते नोंदीत नाही. मोजलंच नाही ते कुठलं अल्गोरिदम वजा करणार?

निफाडकर: आणि एका गावात माती-पाऊस सारखा, छाटणीही एकाच आठवड्यात. वजाबाकीनंतर तारखेत उरणार काय, घंटा?

आकडेमोड्या: ताई, शेततळ्याचा रकाना वाढवतो. पण तो नसण्याचा फटका साध्या रिग्रेशनलाही बसतोच ना? मग दोष माझ्याच पद्धतीच्या पदरात का?

निफाडकर: कारण साध्या रिग्रेशनवर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. तुमच्या आकड्याशेजारी अरुंद कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्यात असावा असा पट्टा) दिसला की लोक छाटणीची तारीख बदलतील.