विल्सन महाविद्यालय : छायाचित्रांबरोबर कागदपत्रेही
मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांकडील जुनी छायाचित्रे स्कॅन करून एकत्र ठेवावीत, अशी एक सूचना पुढे आली आहे आणि ती योग्यच आहे. मात्र अशा संग्रहात गिरगाव चौपाटीसमोरची, १८८९ मध्ये पूर्ण झालेली देखणी इमारतच भाव खाऊन जाण्याची शक्यता अधिक, पण संस्थेची मुळे तर त्याआधी १८३२ पर्यंत मागे जातात. संस्थेचे संस्थापक, स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी १८३९ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले व अनेक पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. असे प्रसंग गौरवग्रंथात दोन ओळींत उरकण्याचा मोह होतो (गौरवग्रंथच तो!), त्याऐवजी मिशनचा पत्रव्यवहार आणि तत्कालीन वृत्तपत्रांतील टीका शेजारी शेजारी ठेवावी.

वसतिगृहाचे जीवन टिपायचे तर खाणावळीच्या वह्या, सूचनाफलकावरचे कागद, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका मागवाव्यात. गटछायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण पेन्सिलीने लिहिलेली नावे तिथेच सापडतात. चिकट पानांच्या अल्बममधून चित्रे ओढून काढू नयेत, पानासकट स्कॅन करावीत.