अनुभव धागा: पर्यटनावरच्या विद्यार्थी स्पर्धा – खानदेशात कुठे फिरलात, काय शोधलंत, काय लिहिलंत?

सप्टेंबर उजाडला की आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर २७ तारखेच्या जागतिक पर्यटन दिनाचे कागद लागतात. निबंध, भित्तिपत्रक, लघुप्रकल्प. १९७० साली याच तारखेला जागतिक पर्यटन संघटनेची घटना मंजूर झाली होती आणि १९८० पासून हा दिवस पाळला जातो. पुढे ‘आविष्कार’ ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा येते, २५ जानेवारीला राष्ट्रीय पर्यटन दिन, १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन. म्हणजे वर्षभर जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कुणी ना कुणी मुलगा-मुलगी आपल्या तालुक्यातल्या एखाद्या ठिकाणावर लिहीत असते. बक्षीस वाटून झालं की ते सगळं कपाटात जातं. मला ते इथे वाचायचं आहे.

मी असे निबंध तपासते. ‘भारत हा विविधतेने नटलेला देश आहे’ या वाक्याने सुरू होणारे गठ्ठेच्या गठ्ठे वाचले आहेत. त्यात मधेच एखादा कागद असा येतो की पेन खाली ठेवावा लागतो. एका मुलीने घराजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर लिहिलं होतं. झऱ्याची दंतकथा दोन ओळींत संपवून तिने तिथे येणाऱ्या बायांना विचारलं होतं, तुम्ही अंघोळ न करता परत का जाता? कपडे बदलायला आडोसा नाही, हे उत्तर तिने त्यांच्याच शब्दांत उतरवलं होतं. पर्यटनाबद्दल त्या वर्षी मी वाचलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

तर लिहा. कुठे गेलात, कुणाला विचारलंत, हाती काय लागलं, परीक्षक काय म्हणाले. क्रमांक आला का, हे सांगितलंच पाहिजे असं नाही.

जळगाव, एम.कॉम.

माझा विषय होता ‘अजिंठ्याला जाणारा प्रवासी जळगावात किती वेळ थांबतो’. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पण रेल्वेने येणाऱ्याला जवळचं मोठं स्टेशन आपलं. अंतर साठेक किलोमीटर. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या ठिकाणाचा दरवाजा आपल्या गावात आहे, मग गावाला त्याचं काय मिळतं, हा साधा प्रश्न.

स्टेशनबाहेर उभं राहून विचारायला लागले तेव्हा कळलं की प्रश्नावली घरी बसून करता येत नाही. पाठीवर बॅग घेतलेला माणूस पानभर प्रश्नांना उत्तरं देत नाही. शेवटी चारच प्रश्न ठेवले: कुठून आलात, आज कुठे मुक्काम, जळगावात काय खाल्लं, इथलं आणखी काय माहीत आहे. बहुतेकांना बसस्टँड कुठे, एवढंच हवं होतं. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय माहीत असणारे मोजके भेटले. बहिणाबाईंचं माहेर आसोदा इथून हाकेच्या अंतरावर आहे, हे महाराष्ट्राबाहेरच्या कुणालाच माहीत नव्हतं. एक जोडपं सोमवारी उतरलं होतं आणि सोमवारी लेणी बंद असतात हे त्यांना माझ्याकडून कळलं. त्यांना भरीत-पुरी कुठे मिळते ते सांगितलं आणि माझ्या अहवालातली शिफारस तिथेच सुचली: सोमवारी येणाऱ्यासाठी जळगावचा एक दिवस आखून ठेवा. स्टेशनावर मोठ्या अक्षरांत एक फलक लावला तरी सुरुवात होईल.

शहादा, टी.वाय.बी.ए. भूगोल

सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो, अलीकडे चेतक महोत्सवामुळे त्याचं नाव बाहेरही गेलं. आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत, म्हणून वाटलं सोपं आहे.

मार्गदर्शक सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘घोडे विकायला आलेला व्यापारी पर्यटक धरायचा की नाही?’ मी नाही म्हणाले. त्यांनी संयुक्त राष्ट्रांची व्याख्या समोर ठेवली. नेहमीच्या परिसराबाहेर, एका वर्षापेक्षा कमी काळासाठी, कुठल्याही हेतूने गेलेला माणूस अभ्यागत. व्यवसायाचा हेतूही त्यात येतो. वगळायचा तो त्याच ठिकाणी पगारावर कामाला आलेला. आणि रात्रीचा मुक्काम केला तरच पर्यटक, नाहीतर एका दिवसाचा पाहुणा. एवढ्यावरून माझं पूर्ण कोष्टक बदललं. शहाद्याहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी गर्दी एका रकान्यात, राजस्थान-गुजरातकडून येऊन घोड्यांजवळच राहुटी टाकणारे दुसऱ्या. पैसा दुसऱ्या रकान्यातले जास्त सोडतात: चारा, पाणी, नाल ठोकणारा, खोगीरवाला, जेवण.

माझ्या वहीत एका म्हाताऱ्या बाबांनी डोकावून विचारलं, ‘काय लिखी ऱ्हायनी व माय?’ मग स्वतःच बसून मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान दाखवले, टोकं एकमेकांना टेकतात का ते बघायचं म्हणाले. ते प्रकल्पात जसंच्या तसं घातलंय.

फैजपूर, बारावी

आमच्या शाळेत वारसा फेरीचा नकाशा काढायची स्पर्धा होती. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या गावचं, अध्यक्ष पंडित नेहरू, आणि बांबूच्या मंडपांची रचना नंदलाल बोस यांची. मी आजोबांच्या वयाच्या लोकांना विचारत फिरलो. त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तिथे मी नकाशावर दोन्ही लिहिलं.

अक्कलकुवा तालुका, एम.ए. मराठी

मला हे बरेच दिवस कुठेतरी लिहायचं होतं.

काठी गावची राजवाडी होळी आमच्या माणसांची. दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं रात्रभर येत राहतात, ढोल चालू असतो, आणि होळी पहाटे पेटते. बुध्या, म्हणजे नवसाने सोंग घेऊन नाचणारे, होणाऱ्यांचं पाळणं त्याच्या आधीपासून सुरू झालेलं असतं. खाटेवर झोपायचं नाही, बाईच्या हातचं खायचं नाही, असे नेम असतात. नवस असतो तो. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसं, कमरेला घुंगरं-दुधीभोपळे. बाहेरच्या माणसाला ते ‘रंगीत’ दिसतं, आणि स्पर्धेच्या पत्रकावर विषयच होता ‘आदिवासी संस्कृती आणि पर्यटनाच्या संधी’.

मी निबंधात संधी लिहिल्या. मुक्कामाची सोय पाड्यावरच्या घरांत व्हावी, जेवण तिथल्या बचत गटाने करावं, वाहनं लांब थांबवावीत. पण निबंधाचा अर्धा भाग मी फोटोंवर खर्च केला. नेम पाळणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरणं, त्याला ‘जरा इकडे बघ’ म्हणणं, नाचणाऱ्या मुलींच्या मधे घुसणं. माझ्या काकांनी सांगितलं, ‘पाहुणा आला तर आनंद आहे. पण पाहुण्याने पूजेच्या जागी चपला घालून येऊ नये.’ या एका वाक्याभोवती मी आचारसंहिता लिहिली: आधी विचारा, नाही म्हटलं तर मागे सरा, फोटो काढलात तर गावाला परत पाठवा.

सादरीकरणात परीक्षकांनी विचारलं, छायाचित्रं इतकी कमी का? मी म्हणाले, ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच लावली आहेत. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर त्यातल्या एक मॅडम बाहेर भेटल्या आणि माझी आचारसंहिता त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी मागून घेतली. ती पावरी आणि भिली या आमच्याकडच्या बोलींत करायचं काम आम्ही मैत्रिणी करतोय. गावात आधी वाचून दाखवणार, मग बाहेर देणार.

धुळे, निवृत्त शिक्षक

मुलांना घेऊन मी वर्षानुवर्षं राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले, त्यांनी जमवलेले कागद तिथे आहेत. जवळच समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी उभं केलेलं समर्थ वाग्देवता मंदिर, रामदासी हस्तलिखितांचं घर. स्पर्धेच्या निमित्ताने का होईना, नववीतल्या मुलाने खरी पोथी एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढाच माझा हट्ट असायचा.

लळिंग किल्ल्यावर लिहायचं असेल तर आम्ही १८८० चा खानदेशचा गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, आधी उघडायचो, मग किल्ला चढायचो. त्यात लिहिलेलं टाकं आज कुठे आहे, पाणी आहे का, ते मुलं शोधत. जे सापडलं नाही तेही लिहायला लावायचो. अशा निबंधाची नक्कल कुणाला करता येत नाही, कारण तो दिवस त्या मुलाचाच असतो. थाळनेर, सोनगीर, भामेर, बळसाणे… एकेका ठिकाणावर एकेका मुलाने असं काम केलं तर जिल्ह्याचा नवा गॅझेटियर शाळांतून तयार होईल. मी हे मनापासून म्हणतोय.

चाळीसगाव, एस.वाय.बी.एस्सी.

गणिताची विद्यार्थिनी पर्यटनावर काय लिहिणार, असं मला विचारलं गेलं. मी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीवर लिहिलं. देवीला येणारी गर्दी मोठी, पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे पाहायला येणारी वेगळी. पाटणचा शके ११२८ चा शिलालेख मात्र फार थोड्यांना माहीत. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, आणि लेखाच्या मराठी भागात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातला वाटा मठाला दिल्याची नोंद आहे. बाजारातल्या पैशावर गणित शिकवलं जात होतं! एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला.

भेटलेल्या बऱ्याच जणांनी हा चांगदेव म्हणजे मुक्ताईंचा चांगदेव असं सांगितलं. तापी-पूर्णेच्या संगमावरचं मंदिर त्या दुसऱ्या चांगदेवाचं. माझा मुख्य प्रस्ताव साधा आहे: देवळाच्या वाटेवर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली चार गणितं मराठीत लावा, दर्शनाच्या रांगेत लोक सोडवतील. आणि परत जाताना स्टेशनाजवळचं कलामहर्षी केकी मूस यांचं घर बघून जा. ज्या माणसाने बहुतेक सगळं आयुष्य त्या घरात काढलं, टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून डोंगर आणि बर्फ उभे करून त्यांचे फोटो काढले, त्याच्यावर स्वतंत्र निबंध कुणीतरी लिहा. मी वाट बघतेय.

यावल, पालक

मुलीने भरितावर प्रकल्प केला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन आहे, तिथून सुरुवात. थंडीत मळ्यात वांगी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजतात, सोबत कळण्याची पुरी. शहरातली माणसं त्यासाठी पैसे देऊन येतील का, असा तिचा प्रश्न. हिशेब मात्र तिने आजीकडून करून घेतला: वांगी, जळण, तेल, आणि बायांची मजुरी. ‘मजुरी कुणी धरत नाही’ असं आजी म्हणाली, म्हणून तिने तोच मथळा दिला.

नंदुरबार, एम.ए. भूगोल

‘आविष्कार’बद्दल दोन गोष्टी, नव्यांसाठी. ही राज्यभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा २००६ पासून चालते. महाविद्यालय, मग विद्यापीठ, मग राज्य असं वर चढत जायचं. एकूण सहा गट. पर्यटनाला स्वतंत्र गट नाही, त्यामुळे विषय लोकजीवनाचा असेल तर मानव्यविद्येत आणि उत्पन्न-व्यवस्थापनाचा असेल तर वाणिज्यात टाका. आधी ठरवा, कारण परीक्षकांचे प्रश्न गटाप्रमाणे बदलतात.

माझा विषय तोरणमाळ. रिचर्ड बटलर यांनी १९८० साली पर्यटनस्थळाच्या वाढीचे टप्पे मांडले: शोध, सहभाग, विकास, स्थिरावणं, साचणं, आणि मग उतार किंवा नवी उभारी. तोरणमाळ यात कुठे बसतं? यशवंत तलावाजवळ दुकान टाकणाऱ्यांशी, गोरक्षनाथाच्या यात्रेला येणाऱ्यांशी बोलल्यावर मी ‘सहभाग’ म्हणालो, म्हणजे स्थानिक माणसं स्वतःच सोयी पुरवू लागतात तो टप्पा. परीक्षकांनी पुरावा मागितला. दुकानं कुणाची, गाड्या कुणाच्या, खोल्या कुणाच्या, याची यादी मी पाड्यानिहाय केली होती, ती पुढे ठेवली. प्रश्नावली पावरीत विचारणारा मित्र सोबत होता म्हणूनच ती यादी झाली, त्याचं नाव सहसंशोधक म्हणून लावलं.

अमळनेर, एफ.वाय.बी.ए.

एक शंका आहे. माझ्या आजीने सांगितलेल्या आखाजीच्या (अक्षय्यतृतीयेच्या) आठवणी अहिराणीत आहेत. निबंध मराठीत मागितलाय. तिचं बोलणं प्रमाण मराठीत करून घालू का?

धागाकर्ती

करू नकोस. आजीचं बोलणं अहिराणीतच अवतरणात घाल, खाली मराठीत अर्थ दे, आणि तिचं नाव-गाव तिच्या संमतीने लिही. माझ्याकडे तपासायला आलं तर त्या अवतरणाचा एकही गुण कापला जाणार नाही. इतर परीक्षकही हे वाचत असतील, त्यांनीही इथे हो म्हणावं. आखाजीवर पर्यटनाच्या अंगाने लिहिलेलं मी अजून एकही पान वाचलेलं नाही, तेव्हा लवकर पाठव.