अनुभव धागा : 'नेक्स्ट जनरेशन'च्या पाचव्या पर्वातला मनात राहिलेला भाग

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचे पाचवे पर्व सप्टेंबर १९९१ ते जून १९९२ या काळात अमेरिकेत प्रसारित झाले. त्यात २६ भाग आहेत. मालिकेची एकूण रीत अशी, की दर आठवड्याला एंटरप्राइझ या अंतराळयानावर नवे संकट कोसळते, भाग संपेपर्यंत ते निस्तरले जाते आणि पुढच्या भागात सगळे अधिकारी जणू काही घडलेच नाही अशा थाटात ब्रिजवर, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षात, हजर असतात. या पर्वातल्या काही भागांत मात्र घडून गेलेले काहीतरी मागे उरते. असा कोणता भाग तुम्हाला आवडला आणि त्यातला नेमका कोणता प्रसंग लक्षात राहिला, ते सविस्तर लिहावे. कथानके उघड होणारच आहेत. ज्यांनी पर्व पाहिलेले नाही, त्यांनी आधी ते पाहून यावे हे बरे.

* * *

सुरुवात अपेक्षित नावानेच करते : 'द इनर लाइट'. एका अनोळखी शोधयानातून आलेल्या किरणामुळे एंटरप्राइझचा कप्तान पिकार्ड ब्रिजवरच बेशुद्ध पडतो आणि जेमतेम पंचवीस मिनिटांच्या त्या बेशुद्धीत कटान नावाच्या ग्रहावर कामिन या नावाने आख्खे आयुष्य जगतो. या भागाला १९९३ साली विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण बहुतेकांचे बोलणे कामिन वाजवत असे आणि शेवटी पिकार्डच्या हाती येते त्या बासरीपाशी जाऊन थांबते. माझ्या मते भागाचा खरा जीव त्याआधीच्या घरगुती तपशिलांत आहे. एलीन ही त्याची पत्नी. जोडे जागेवर ठेवत जा, म्हणून ती त्याच्यामागे लागलेली असते. पुढे वृद्धापकाळी, मृत्युशय्येवरही ती त्याला त्याच जोड्यांची आठवण करून देते आणि तो तसे वचन देतो. त्या प्रसंगात दुःखाचे एकही भाषण नाही, म्हणूनच तो इतका लागतो.

दुष्काळाचेही तसेच. ग्रह मरतो आहे हे आकडे सांगून पटवण्याऐवजी गावाच्या चौकातले एक रोपटे दाखवले आहे. पाण्याची टंचाई असूनही गावकरी त्याच्या वाट्याचे पाणी राखून ठेवतात. कामिनच्या मुलाची भूमिका पिकार्ड साकारणाऱ्या पॅट्रिक स्ट्युअर्ट यांच्या खऱ्या मुलाने, डॅनियलने केली आहे, हे कळल्यावर बाप-लेकाचे प्रसंग मी पुन्हा लावून पाहिले होते.

* * *

वरचे सगळे मान्य करूनही मी 'कॉज अँड इफेक्ट'च्या बाजूने उभा राहीन, कारण इतका नेटका बांधलेला भाग या मालिकेत क्वचितच सापडतो. शीर्षके येण्याआधीच एंटरप्राइझचा स्फोट होतो आणि पाहणारा चक्रावतो. त्यानंतर तेच काही तास पुनःपुन्हा घडत राहतात : तोच पोकरचा डाव, डॉक्टर क्रशरच्या खोलीत फुटणारा तोच काचेचा पेला, रात्री तिला ऐकू येणारे तेच आवाज. दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स यांनी प्रत्येक फेरीत हेच प्रसंग निराळ्या कोनांतून चित्रित केले, त्यामुळे संवाद तेच असूनही कंटाळा येत नाही. उलट, प्रत्येक फेरीत पात्रांना थोडे अधिक जाणवू लागते आणि पाहणाऱ्याची अस्वस्थताही वाढत जाते.

उकलही चोख आहे. डेटा हा यंत्रमानव अधिकारी पुढच्या फेरीतल्या स्वतःसाठी 'तीन' एवढाच निरोप पाठवतो. पत्ते वाटताना, उपकरणांच्या पडद्यांवर, सगळीकडे तीनच दिसू लागतात. पण त्याचा अर्थ कोणालाही लागत नाही. अखेर ऐन क्षणी डेटाची नजर उपकप्तान रायकरच्या कॉलरवरच्या तीन बिल्ल्यांवर पडते आणि स्फोट टाळण्यासाठी आपल्या सूचनेऐवजी रायकरची सूचना बरोबर होती, हे त्याच्या ध्यानात येते. तो आकडा पहिल्या फेरीपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. रहस्यकथेने वाचकाशी जितके प्रामाणिक असावे, तितका हा भाग प्रामाणिक आहे.

* * *

'डार्मॉक'वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : जे लोक फक्त आपल्या पुराणकथांचे दाखले देऊन बोलतात, ते अंतराळयान बांधतील तरी कसे? आक्षेप चुकीचा नाही, पण तो घेऊन बसणारे एका निर्दय योगायोगाकडे दुर्लक्ष करतात. टामारियन कप्तान डॅथन पिकार्डला मुद्दाम एका ओसाड ग्रहावर आणतो, कारण समान शत्रूशी दोघे मिळून लढले तर दोघांच्या वाट्याला एक समान कथा येईल, अशी त्याची आशा असते. श्वापदाशी झुंज ऐन भरात असताना एंटरप्राइझवरचे सहकारी सद्‌हेतूने पिकार्डला वर खेचण्याचा प्रयत्न करतात, तो काही क्षण अर्धवट अदृश्य होतो, आणि तेवढ्या वेळात एकटा पडलेला डॅथन प्राणघातक जखमी होतो. त्याचा जीव जातो तो पिकार्डला वाचवण्याच्या धडपडीपायी, ही गोष्ट कोणीही मोठ्याने बोलून दाखवत नाही.

त्यानंतर शेकोटीपाशी पिकार्ड मरणोन्मुख डॅथनला गिल्गमेश आणि एन्किडू यांची कथा सांगतो. डॅथन साकारणारे पॉल विनफिल्ड यांचा चेहरा मुखवट्याखाली जवळजवळ पूर्ण झाकलेला आहे. तरी वेदना सोसत गोष्ट ऐकणाऱ्याचे समाधान त्यांनी केवळ श्वासातून आणि हुंकारांतून पोचवले आहे.

* * *

एवढे गंभीर लिखाण वाचल्यावर 'डिझास्टर'ची आठवण कोणीतरी करून द्यायला हवी. लहान मुलांपुढे एरवी अवघडून जाणारा पिकार्ड तीन मुलांबरोबर लिफ्टमध्ये अडकतो आणि वॉर्फ या करड्या क्लिंगॉन सुरक्षा अधिकाऱ्यावर यानावरच्या कीकोचे बाळंतपण करण्याची वेळ येते. आता तुम्ही प्रसूत होऊ शकता, अशी तो तिला अधिकृत परवानगी देतो! वॉर्फचे हे एक वाक्य माझ्यासाठी पुरेसे आहे.

* * *

माझी निवड 'आय, बोर्ग' आहे, आणि ती का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बोर्ग म्हणजे इतरांना यंत्रांशी जोडून एकाच सामूहिक मनात सामील करून घेणारे लोक. १९९० साली प्रसारित झालेल्या भागांत त्यांनी पिकार्डला पळवून नेऊन त्याचा लोक्युटस नावाचा बोर्ग केला होता, आणि यानावरचे मद्यगृह सांभाळणाऱ्या गायननच्या लोकांची तर त्यांनी वाताहत केली होती. त्यामुळे जखमी तरुण बोर्ग हाती लागतो तेव्हा त्याच्याकरवी सगळ्या बोर्गांपर्यंत विनाशकारी प्रोग्रॅम पोचवावा, असे ठरवणारा पिकार्ड आपल्याला खलनायक वाटत नाही. लेखकाने या दोघांच्या द्वेषाला पक्के कारण दिले आहे आणि मग ते कारण कायम ठेवूनच त्यांना वळायला लावले आहे.

यानाचा मुख्य अभियंता जॉर्डी त्या बोर्गाला ह्यू हे नाव देतो. आपले लोक कसे विखुरले हे गायनन त्याला कठोरपणे सांगते, तेव्हा तो त्यातून एवढेच काढतो, की म्हणजे तुम्ही एकट्या आहात. पुढे पिकार्ड लोक्युटसचे सोंग घेऊन त्याला जॉर्डीविरुद्ध आज्ञा देतो आणि ह्यू पहिल्यांदाच 'मी' म्हणून नकार देतो. स्ट्युअर्ट त्या प्रसंगात आवाज चढवत नाहीत. द्वेष करणाऱ्या माणसाने त्याच द्वेषाचा मुखवटा चढवावा आणि समोरच्याने त्याला नाही म्हणावे, ही योजना मला फार परिणामकारक वाटते.

यानावर राहण्याची मुभा असूनही ह्यू परत जातो, कारण तो राहिला तर बोर्ग त्याच्यामागे येतील आणि जॉर्डीला धोका होईल. पुढे 'डिसेंट' या नंतरच्या भागात बोर्गांचा नाश करण्याची ती संधी दवडल्याबद्दल पिकार्डला ॲडमिरलची बोलणी खावी लागतात. मला हे योग्यच वाटले. दयेची किंमत चुकवावी लागली नसती, तर हा भाग एवढा मोठा ठरला नसता.

* * *

'द फर्स्ट ड्यूटी'चे नाव अजून आलेले नाही. बंदी असलेली कसरत करताना एक कॅडेट दगावतो आणि उरलेले चौघे मिळून खोटे बोलतात. त्यांतल्या वेस्लीला, डॉक्टर क्रशरच्या मुलाला, खरे बोलण्याची अखेरची संधी पिकार्ड देतो तो प्रसंग तर आहेच. परंतु मला अधिक अस्वस्थ करतो तो मृत मुलाचा बाप, जो आपल्याच मुलाच्या वतीने वेस्लीची क्षमा मागून जातो. खोटेपणाची शिक्षा चौकशी समितीच्या आधी त्यानेच, नकळत, दिलेली असते.

* * *

'युनिफिकेशन' या दोन भागांच्या कथेविषयी सौम्य मतभेद नोंदवतो. मूळ मालिकेतल्या स्पॉकच्या भूमिकेत लेनर्ड निमॉय यांचे पुनरागमन आणि २४ ऑक्टोबर १९९१ रोजी निवर्तलेले 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांना वाहिलेली आदरांजली यांमुळे त्याला मान मिळतो, पण पहिला अर्धा भाग रेंगाळतो. शेवटी मृत पित्याच्या भावना पिकार्डच्या मनातून स्पॉकपर्यंत पोचतात, तो प्रसंग मात्र दोन्ही भाग तारून नेतो. 'द आउटकास्ट'ही असाच, हेतू चांगला असून बिचकत केलेला भाग आहे. लिंगभेद न मानणाऱ्या समाजातली सोरेन रायकरच्या प्रेमात पडते; तिच्या भूमिकेसाठी पुरुष कलाकार हवा होता, असे रायकर साकारणाऱ्या खुद्द फ्रेक्स यांनी नंतर म्हटले आहे आणि ते मला पटते. 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग' आणि 'इमॅजिनरी फ्रेंड' हे दोन भाग सरळ वगळावेत.

नव्याने पाहणाऱ्यांनी 'कॉज अँड इफेक्ट'पासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण त्याला पूर्वपीठिका लागत नाही. 'आय, बोर्ग' मात्र तिसऱ्या पर्वाचा शेवट आणि चौथ्या पर्वाचे पहिले दोन भाग पाहिल्याशिवाय लावू नये.