ट्यूक्सबरीची लाकडी दुकानं

गिरगावकर: आमच्या चाळीचे सागवानी खांब बघत वाढलो, म्हणून विचारतो. इंग्लंडात ट्यूक्सबरीला मठवाल्यांनी १५व्या शतकात बांधलेली दुकानांची रांग आहे. ओकचा सांगाडा, खिळे नाहीत. उभी कशी?

सुतारकाका: लाकडी खुंट्यांवर! ओक ओला असतानाच सांधे कापून बसवतात. वाळताना लाकूड आक्रसतं, सांधा आवळतो. घर वाकडं होतं, पडत नाही. भिंतींवर भार नसतोच. काटक्यांचा कूड, वर माती-शेणाचा लेप. कोकणातला माणूस लगेच ओळखेल.

दादरकर: वरचा मजला रस्त्यावर पुढे काढायची पद्धतही बघा. आपली महापालिका नोटीस धाडेल!

गिरगावकर: मठाचं काय झालं?

सुतारकाका: १५४०मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात बंद. चर्च मात्र गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून वाचवलं.