मदत हवी आहे: रिस्क रजिस्टरमध्ये स्टील वर आणि शेजारचं घर खाली, हे कसं सुधारू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर आहे. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला सात मजली इमारत, खाली दोन बेसमेंट. ड्रॉइंग अजून मंजुरीला गेलेली नाहीत. क्लायंटने रिस्क रजिस्टर, म्हणजे कामातल्या जोखमींची गुण, उपाय आणि जबाबदार यांसह यादी, मागितलंय आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय.

साचा नेहमीचाच. शक्यतेला 1 ते 5, परिणामाला 1 ते 5, दोन्हींचा गुणाकार. 15 पासून पुढे लाल, 8 ते 14 पिवळं, त्याखाली हिरवं. मीटिंगमध्ये लाल ओळींवरच तास जातो, पिवळ्यांपर्यंत वेळ पुरत नाही.

अडचण इथेच आहे. स्टीलचे भाव वाढण्याला 5 गुणिले 3, म्हणजे 15. खोदाईमुळे शेजारच्या घराला धोका, याला 2 गुणिले 5, म्हणजे 10. हिशेबात चूक नाही, पण हा क्रम मला मान्य होत नाही. ते घर दुमजली, कॉलम-बीम नसलेलं, विटांच्या भिंतींवर उभं, आमच्या हद्दीपासून जेमतेम तीन मीटरवर. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग आधीच खाली उतरली आहे, तिच्यात कधीतरी सिमेंट भरलेलं दिसतं. आत एक वयस्कर जोडपं राहतं. आणि आम्ही तिथे सहा-सात मीटर खाली उतरणार. जमीन तपासायला घेतलेल्या बोअरच्या रिपोर्टात बाकी सगळीकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि मग खडक लागलाय, फक्त नाल्याकडच्या कोपऱ्यात मऊ थर बराच खोल गेलाय. घर नेमकं त्याच कोपऱ्याला आहे. खोदाई रेंगाळून पावसाळ्यात सापडली तर काय होतं हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

दुसरी ओळ नुसती 'कुंभमेळा' अशी आहे, गुण 5 गुणिले 4. 2027 च्या सिंहस्थापर्यंत मजूर, रेडीमिक्स, ट्रक या सगळ्यांवर ताण राहणार हे दिसतंच आहे, पण उपायाच्या रकान्यात काय लिहू?

शिवाय 'जबाबदार' या रकान्यात सगळीकडे 'ठेकेदार' आहे. ठेकेदार अजून नेमलेलाच नाही.

शक्यता कमी पण जिवाशी गाठ, अशा जोखमीला तुम्ही गुण कसे देता? राखीव रक्कम कशी काढता? साइटवर खरोखर चालतं ते सांगा, प्लीज.

प्रतिसाद, स्ट्रक्चरल सल्लागार, नाशिक:

ताई, परिणामाचे तीन रकाने करा: पैसा, मुदत, जीवित. तिन्हींतला मोठा आकडा धरा, सरासरी काढू नका. जीवितात 5 आला की गुणाकार काहीही असो, ती ओळ मीटिंगला पहिली. आमच्याकडे हा नियम रजिस्टरच्या डोक्यावरच लिहिलेला असतो.

'शेजारच्या घराला धोका' हे फार मोघम झालं. कारण, घटना, परिणाम असं लिहा: 'मऊ थरामुळे खोदाईची कड ढासळून शेजारच्या पायाखालची माती सुटेल आणि भिंत खचेल.' असं लिहिलं की उपाय आपोआप सुचतात. त्या बाजूला आधी पाइल (माती धरून ठेवणारे जमिनीत खोल उतरवलेले खांब), मग टप्प्याटप्प्याने खोदाई. काम सुरू व्हायच्या आत घरमालकांसमोर प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो. भेगांवर काचपट्टी (भेग वाढली की ती तडकते), भिंतीवर खुणा, त्या खचतात का हे पाहायला रोज लेव्हल. किती मिलिमीटरला काम थांबवायचं तो आकडा तुमच्या आरसीसीवाल्यांकडून (स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्यांकडून) लेखी घ्या, आणि थांबवण्याचा अधिकार साइटवरच्या एकाच माणसाकडे द्या, नावानिशी.

पण सगळ्यात आधी हे विचारा: त्या बाजूला दुसरं बेसमेंट हवंच का? ड्रॉइंग अजून तुमच्या हातात आहेत. खालचं बेसमेंट त्या कोपऱ्यातून मागे घ्या, पार्किंग कमी पडलं तर मेकॅनिकल स्टॅकचा (यंत्राने गाड्या एकावर एक ठेवण्याचा) विचार करा. आज हा बदल कागदावरचा आहे. पाइल उतरल्यावर तो फार महाग पडेल.

प्रतिसाद, क्वांटिटी सर्व्हेअर, पुणे:

सिंहस्थ होणार हे ठरलेलं आहे, त्यामुळे तो बारचार्टमध्ये, म्हणजे कामाच्या वेळापत्रकात जाईल. रजिस्टरमध्ये लिहा 'स्लॅबच्या काळात सेंट्रिंगची (काँक्रीटसाठी साचे बांधणारी) टोळी मिळणार नाही', आणि आतापासून दोन टोळ्यांशी बोलणी करा. स्टीलचं म्हणाल तर करारात भाववाढीचं कलम कोणाच्या बाजूने आहे ते आधी पाहा. कलम ठरलं की गुण पुन्हा द्या, उपायानंतरचा वेगळा रकाना असतो तो यासाठीच.

राखीव रकमेसाठी शक्यता गुणिले नुकसान चालतं. 30 टक्के शक्यता, 20 लाखांचं नुकसान, तर 6 लाख बाजूला. अशा बऱ्याच ओळी असल्या की एकमेकींना सांभाळून घेतात. शेजारच्या घराला हे गणित लावू नका. 10 टक्के गुणिले 80 लाख म्हणून 8 लाख ठेवले, तर प्रसंग आला त्या दिवशी ते कशालाच पुरणार नाहीत. तिथे विमा. ठेकेदाराची सीएआर (कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, म्हणजे बांधकामाचा विमा) पॉलिसी मागवा. शेजारच्या बांधकामाचा आधार सुटून झालेलं नुकसान त्यात सहसा धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. ती अट टेंडरमध्येच टाका.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. जीवितचा रकाना आजच टाकला, घराची ओळ वर आली. बेसमेंट मागे घेण्याचं गुरुवारी क्लायंटसमोर मांडतेय. एक राहिलं: भेगांचे फोटो घ्यायला गेलं की शेजारच्या काका-काकूंना घाबरवून सोडल्यासारखं होईल अशी भीती वाटते. पहिल्यांदा कोणी जावं, क्लायंटने की आम्ही? आणि त्या नोंदीवर त्यांची सही कशी मागता?