बिबट्याला पकडून लांब सोडावं का?

प्रश्न : परवा रात्री बिबट्यानं आमची दुसरी शेळी नेली. गोठ्याला कुडाच्या भिंती आहेत, वर मोकळंच. घरात लहान मुलं, डोळ्याला डोळा लागत नाही. शेजारी म्हणतात, पिंजरा लावा. काय करू?

उत्तर : दादा, पिंजऱ्याच्या भरवशावर राहू नका. आम्हीही तेच केलं होतं. एक गेला, काही महिन्यांत त्याच्या मोकळ्या हद्दीत दुसरा आला. शिवाय जिथं सोडतात तिथल्या लोकांच्या मागे संकट लागतं, हा विचार मला अजून छळतो. आधी गोठ्याला छप्पर घाला. बिबट्या भिंत सहज ओलांडतो. चारही बाजूंनी जाड जाळी, तळाशी फट नको, दाराला कडी. आमच्याकडे तेव्हापासून एकही जनावर गेलेलं नाही.

उत्तर : मुलांना अंधारात शौचाला एकटं पाठवू नका. बरोबर मोठं माणूस, हातात बॅटरी, मोठ्यानं बोलत जायचं. मेलेली जनावरं, कोंबड्यांची घाण घराजवळ टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

प्रश्नकर्ता : जाळी उद्याच आणतो. तोवर शेळ्या घरातच बांधतोय.